हेन्री सूटर

सर हेन्री सेशन्स सूटर (१४ डिसेंबर १८७५ – १२ नोव्हेंबर १९६४) हे ब्रिटिश शल्यविशारद होते. ६ मे १९२५ रोजी लंडन येथील लंडन हॉस्पिटलमध्ये त्यांनी एका तरुणीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून तिची आजारी झडप चाचपली आणि झडपेचे अरुंद झालेले छिद्र बोटानेच रुंद केले. हृदयाच्या डाव्या अलिंदातून झडपेपर्यंत पोहोचण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न होता. रुग्ण वाचली, घरी गेली आणि पुढे काही वर्षे जगली. मात्र ही शस्त्रक्रिया सूटर यांना पुन्हा कधीही करता आली नाही, कारण वैद्यांनी त्यांच्याकडे या आजाराचा दुसरा रुग्ण पाठवलाच नाही. त्यांनी दाखवलेल्या मार्गाने शल्यविशारद पुन्हा जाऊ लागले ते तेवीस वर्षांनंतर, १९४८ मध्ये. रुग्णाची मूळ झडप काढून न टाकता तिलाच पुन्हा कार्यक्षम करणे, या हृदयशल्यशास्त्रातील विचाराच्या आरंभकाळात सूटर यांचे नाव आदराने घेतले जाते.

जन्म आणि शिक्षण

सूटर यांचा जन्म इंग्लंडमधील बर्कनहेड येथे झाला. त्यांचे वडील रॉबिन्सन सूटर हे स्कॉटलंडमधील डम्फ्रीसशायर मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले होते. हेन्री यांचे शालेय शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्वीन्स कॉलेजात त्यांनी गणिताचा अभ्यास केला व त्यात प्रथम श्रेणी मिळवली. अभियांत्रिकीचेही त्यांना शिक्षण व गोडी होती. वैद्यकाकडे ते यानंतर वळले. शरीराकडे यंत्रज्ञाच्या नजरेने पाहण्याची त्यांची पद्धत या पूर्वशिक्षणातून आली, असे त्यांच्या पुढील कामावरून दिसते.

वैद्यकीय प्रशिक्षणासाठी ते लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल येथील लंडन हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. गोदीतील कामगार, शिवणकाम करणारी कुटुंबे आणि स्थलांतरित यांची दाट वस्ती असलेल्या या भागातील गोरगरिबांचे ते मोठे रुग्णालय होते. १९०९ मध्ये सूटर यांना रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप मिळाली. १९०४ मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन क्लिफ्टन यांच्याशी झाला होता. कॅथरीन यांचे वडील रॉबर्ट बेलामी क्लिफ्टन हे ऑक्सफर्ड येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. या दांपत्याला दोन मुलगे झाले.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच सूटर बेल्जियममध्ये काम करणाऱ्या एका स्वयंसेवी क्षेत्र-रुग्णालयात शल्यविशारद म्हणून गेले. हे रुग्णालय प्रथम अँटवर्प शहरात एका शाळेच्या इमारतीत उभारले गेले. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन तोफखान्याने शहरावर मारा सुरू केल्यावर रुग्णालय हलवावे लागले. लंडनच्या रस्त्यांवरून युद्धासाठी आणलेल्या मोटार-बसमधून जखमी सैनिकांना गेंट येथे नेण्यात आले. नंतर हे रुग्णालय किनाऱ्याजवळील फर्न्स या गावी पुन्हा सुरू झाले. आघाडी तेथून जवळच होती. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्युरी क्ष-किरणांचे यंत्र घेऊन या रुग्णालयात मदतीसाठी आल्या होत्या.

या अनुभवांवर सूटर यांनी लिहिलेले 'अ सर्जन इन बेल्जियम' हे पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बेल्जियम सरकारने त्यांच्या सेवेचा सन्मान केला. ब्रिटिश सरकारनेही युद्धकार्याबद्दल त्यांना सी.बी.ई. हा किताब दिला. १९१५ पासून ते लंडन हॉस्पिटलच्या शल्यविभागात होते आणि निवृत्तीपर्यंत त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र तेच राहिले.

उपकरणे घडविणारा शल्यविशारद

सूटर यांचे हात कारागिराचे होते. शस्त्रक्रियेत एखादी अडचण आली की तिच्यासाठी नवे उपकरण कसे घडवता येईल, याचा ते विचार करीत आणि अशी उपकरणे स्वतःच्या कर्मशाळेत तयार करीत. कवटीचे हाड कापून मेंदूपर्यंत पोहोचण्याचे साधन आणि वाफेच्या उष्णतेवर चालणारे डागणीचे उपकरण ही त्यांची काही निर्मिती होय.

यांपैकी सर्वाधिक वापरात आली ती त्यांच्या नावाने ओळखली जाणारी अन्ननलिकेची नळी. अन्ननलिकेच्या कर्करोगात नलिकेचा मार्ग बंद होत जातो आणि रुग्णाला घोटभर पाणीही गिळता येत नाही. त्या काळी अशा रुग्णाच्या पोटाला छिद्र पाडून तेथून अन्न देत असत. सूटर यांनी धातूच्या तारेचे वेटोळे करून एक लवचिक नळी तयार केली. तिचे वरचे टोक रुंद ठेवल्यामुळे ती खाली घसरत नसे. अन्ननलिकेत पाहण्याच्या दुर्बिणीतून ही नळी अडथळ्यात बसवली की रुग्ण तोंडाने पातळ अन्न घेऊ शके. या पद्धतीविषयीचा त्यांचा लेख १९२४ मध्ये आला आणि १९२७ मध्ये त्यांनी स्वतः उपचार केलेल्या १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रोग बरा होत नसला तरी रुग्णाचे उरलेले दिवस सुसह्य करता येतात, ही त्यामागील भूमिका होती. शस्त्रक्रियेत रेडियमचा उपयोग कसा करावा, याविषयीही त्यांनी लेखन केले.

झडपेचा आजार आणि तत्कालीन मत

मानवी हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त प्रथम डाव्या अलिंदात येते. तेथून ते दोन पाकळ्यांच्या मिट्रल झडपेतून डाव्या निलयात उतरते आणि पुढे तीन पाकळ्यांच्या महाधमनी झडपेतून सर्व शरीरात जाते. झडपा रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत.

बालपणी विशिष्ट जिवाणूंमुळे घसा सुजतो आणि काही मुलांना त्यानंतर संधिवाती ताप येतो. सांध्यांची सूज उतरते, परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा मागे राहते. मिट्रल झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडांनी एकमेकींना चिकटतात आणि मधले छिद्र अरुंद होत जाते. रक्त फुप्फुसांकडे तुंबते, जिना चढताना दम लागतो, पुढे अंथरुणावर पडल्यापडल्याही श्वास अपुरा पडतो. काही रुग्णांत पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळते. पेनिसिलिनपूर्व काळात शहरांतील दाट वस्त्यांमध्ये हा आजार सर्रास आढळे आणि त्याचे बळी बहुधा तरुण असत.

अरुंद झालेली मिट्रल झडप शस्त्राने मोकळी करावी, अशी सूचना ब्रिटिश वैद्य लॉडर ब्रंटन यांनी १९०२ मध्येच केली होती. तिच्यावर वैद्यकीय जगतात टीका झाली. या टीकेमागे केवळ भीती नव्हती. जेम्स मॅकेंझी यांच्यासारख्या मान्यवर हृदयतज्ज्ञांचे मत असे होते की हृदयविकारात झडपेपेक्षा हृदयाच्या स्नायूची अवस्था अधिक महत्त्वाची असते. झडपेतून वेगळा आवाज येत असूनही अनेक माणसे दीर्घकाळ धडधाकट राहतात, हे त्यांनी काळजीपूर्वक पाहिले होते. निरीक्षण खरे होते. परंतु त्यावरून झडप दुरुस्त करणे निरर्थक आहे, असा सरसकट निष्कर्ष काढला गेला. स्नायूच थकला असेल तर झडप मोकळी करून काय लाभ, असा प्रश्न बहुतेक वैद्य विचारीत.

तरीही तुरळक प्रयत्न झाले. १९१२ मध्ये पॅरिसमध्ये तेओदोर त्युफिए यांनी महाधमनीची भिंत न उघडता, ती भिंतच बोटाने आत दाबून महाधमनीची अरुंद झडप रुंद करण्याचा प्रयत्न केला. त्यांचा रुग्ण वाचला. १९२३ मध्ये बोस्टन येथे एलियट कटलर यांनी एका लहान मुलीच्या हृदयात खालून, म्हणजे निलयाच्या बाजूने, सुरीसारखे शस्त्र घालून मिट्रल झडपेवर छेद दिला. ती मुलगी चार वर्षांहून अधिक काळ जगली. कटलर यांनी नंतर झडपेचा तुकडाच कापून काढणारे उपकरण वापरले, परंतु त्यांचे पुढील रुग्ण शस्त्रक्रियेनंतर फार काळ जगले नाहीत. तुकडा काढल्याने अडथळा दूर होई, पण त्याच्या जागी मोठी गळती निर्माण होई आणि ती आजारी हृदयाला पेलवत नसे.

६ मे १९२५ ची शस्त्रक्रिया

सूटर यांची रुग्ण ही लहानपणापासून संधिवाती तापाने व त्यातून आलेल्या हृदयविकाराने पीडित असलेली तरुणी होती. ती लंडन हॉस्पिटलमध्ये यापूर्वीही दाखल झालेली होती आणि औषधोपचारांनी तिला टिकाऊ गुण येत नव्हता.

सूटर यांनी कटलर यांच्यापेक्षा वेगळा मार्ग निवडला. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखे एक लहान उपांग असते. या उपांगातून आत गेल्यास झडप जवळ येते, निलयाच्या जाड स्नायूला इजा होत नाही आणि अलिंदातील रक्ताचा दाब कमी असल्याने रक्तस्राव आवरणे तुलनेने सोपे जाते. शिवाय शस्त्राऐवजी बोट आत गेल्यास आत नेमके काय आहे हे स्पर्शाने कळू शकते. त्या काळी हृदय थांबवून आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते, त्यामुळे डोळ्यांचे काम बोटानेच करावे लागणार होते.

रुग्णाला श्वासनलिकेतून ईथरची भूल देण्यात आली. छातीच्या डाव्या बाजूला फासळ्यांसह एक झडपेसारखा भाग उचलून सूटर यांनी हृदयावरण उघडले. अलिंदाच्या उपांगाच्या तळाशी मऊ चिमटा लावून त्यांनी उपांगाला छेद दिला, आपली तर्जनी आत सरकवली आणि चिमटा सैल केला. बोट अलिंदात गेले व मिट्रल झडपेपर्यंत पोहोचले.

शस्त्राने झडपेच्या पाकळीला छेद देण्याची त्यांची तयारी होती. परंतु बोटाला वेगळीच गोष्ट जाणवली. छिद्र अरुंद झाले होते, मात्र ते अपेक्षेइतके नव्हते. उलट निलयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्ताचा जोरदार झोत मागे येऊन बोटावर आदळत होता. म्हणजे झडप आधीच मोठ्या प्रमाणात गळत होती. अशा वेळी पाकळी कापली असती तर गळती आणखी वाढली असती. सूटर यांनी शस्त्र वापरण्याचा बेत तेथेच सोडला. त्यांनी बोट झडपेतून निलयापर्यंत नेले आणि चिकटलेल्या भागावर दाब देऊन छिद्र जेवढे रुंद होईल तेवढेच केले. बोटाने छिद्र पूर्ण बंद होताच रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली जाई, म्हणून हे काम अत्यंत अल्पावधीत उरकणे भाग होते. बोट बाहेर काढताना उपांगाला घातलेला एक टाका फाटला व रक्तस्राव झाला, परंतु उपांग बांधून तो थांबवण्यात आला.

रुग्ण या शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडली. काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर तिला घरी पाठवण्यात आले. तिची प्रकृती पूर्वीपेक्षा सुधारल्याचे तिने सांगितले. पुढे काही वर्षांनी, हृदयात तयार झालेल्या रक्ताच्या गुठळ्या मेंदूत गेल्याने तिचा मृत्यू झाला. मूळ आजाराचाच हा ज्ञात धोका होता.

एका रुग्णाच्या अनुभवावरून उपचाराचा लाभ सिद्ध होत नाही, आणि या रुग्णाच्या आजारात गळतीचा वाटा मोठा असल्याने तिला मिळालेल्या आरामाचे श्रेय किती व कशाला द्यावे, हेही निश्चित सांगता येत नाही. निर्विवाद सिद्ध झाल्या त्या दोन गोष्टी. चालत्या हृदयाच्या आत बोट घालूनही माणूस जगू शकतो आणि झडपेची अवस्था बोटाला अचूक कळते.

दुसरा रुग्ण न मिळणे

ऑक्टोबर १९२५ मध्ये सूटर यांनी या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. हृदय हाही इतर अवयवांसारखाच शस्त्रक्रियेला योग्य असा अवयव आहे आणि खरा प्रश्न रक्ताभिसरण न थांबवता वेगाने काम करण्याचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

शल्यविशारदाकडे हृदयरोगी थेट येत नसत. ते वैद्यांच्या देखरेखीखाली असत आणि वैद्याने पाठवल्यासच शस्त्रक्रियेचा विचार होई. शस्त्रक्रियेचा धोका अवास्तव आहे आणि झडपेला हात लावण्यात अर्थ नाही, असे वैद्यांचे मत कायम राहिले. परिणामी सूटर यांच्याकडे मिट्रल झडपेचा दुसरा रुग्ण आला नाही. रुग्ण दगावल्यामुळे एखादी शस्त्रक्रिया मागे पडल्याची उदाहरणे अनेक आहेत. येथे रुग्ण जगूनही शस्त्रक्रिया मागे पडली. अनेक वर्षांनंतर अमेरिकन शल्यविशारद ड्वाइट हार्केन यांना लिहिलेल्या पत्रात सूटर यांनी हे कारण स्पष्टपणे नोंदवले. त्या मधल्या काळात संधिवाती हृदयविकाराचे असंख्य तरुण रुग्ण केवळ विश्रांती आणि औषधे यांवर राहिले.

तेवीस वर्षांनंतर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भूल देण्याचे तंत्र, रक्तसंक्रमण आणि प्रतिजैविके यांत मोठी प्रगती झाली. हार्केन यांनी युद्धकाळात जखमी सैनिकांच्या हृदयातून गोळ्यांचे तुकडे काढून हृदय शस्त्रक्रिया सहन करते हे दाखवून दिले. जून १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि काही दिवसांतच बोस्टनमध्ये हार्केन यांनी अलिंदाच्या मार्गाने मिट्रल झडप मोकळी केली. बेली यांचे आधीचे रुग्ण दगावले होते आणि त्यांच्यावरही कठोर टीका झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रसेल ब्रॉक यांनी ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. या सर्वांचा मार्ग मुख्यतः सूटर यांचाच होता. पाकळीचा तुकडा कापून न काढता, पाकळ्या जेथे चिकटल्या आहेत त्या सांध्यावर त्या अलग करायच्या आणि पाकळ्या शाबूत ठेवायच्या, हे तत्त्व आता स्पष्ट झाले.

उत्तरायुष्य

हृदयशस्त्रक्रियेचे दार बंद झाले तरी सूटर यांचे कार्य थांबले नाही. 'द आर्ट ऑफ सर्जरी' हा त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात सैन्य आणि नागरी रुग्णालये यांत डॉक्टरांची वाटणी करणाऱ्या मध्यवर्ती वैद्यकीय युद्धसमितीचे ते अध्यक्ष होते. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे उपाध्यक्षपद आणि १९४५-४६ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९४९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पत्नी कॅथरीन यांचे १९५९ मध्ये निधन झाले. १९६३ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला.

सूटर दीर्घायुषी होते आणि आपल्या कल्पनेला आलेले यश त्यांना पाहता आले. ६ मे १९५३ रोजी, म्हणजे त्यांच्या शस्त्रक्रियेला बरोबर २८ वर्षे झाली त्या दिवशी, जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. यामुळे हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी पाहत काम करणे शक्य झाले. १९६० मध्ये हृदयातील आजारी झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसवण्यास आरंभ झाला. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी सूटर यांचे निधन झाले.

मूळ झडप राखण्याचा विचार

कृत्रिम झडपांनी असंख्य प्राण वाचवले. मात्र धातूची झडप बसवल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते, तर प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप काही वर्षांनी झिजते. त्यामुळे शक्य तेथे रुग्णाची स्वतःचीच झडप राखावी, या विचाराला पुन्हा महत्त्व आले. फ्रान्समधील आलँ कार्पांतिए यांनी मिट्रल झडपेच्या दुरुस्तीची शास्त्रशुद्ध पद्धत घालून दिली.

महाधमनीच्या झडपेबाबत हे काम अधिक अवघड होते. काही रुग्णांत महाधमनीचा हृदयालगतचा भाग फुगतो. पाकळ्या निरोगी असूनही त्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात आणि झडप गळू लागते. पूर्वी अशा वेळी फुगलेल्या भागाबरोबर झडपही काढून टाकत. इंग्लंडमधील मॅग्दी याकूब आणि कॅनडातील टोरांटो येथील टायरोन डेव्हिड यांनी केवळ फुगलेली भिंत काढून तिच्या जागी कृत्रिम धाग्यांची नळी बसवण्याच्या व रुग्णाच्या पाकळ्या तशाच ठेवण्याच्या पद्धती विकसित केल्या. डेव्हिड यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. या शस्त्रक्रिया सूटर यांच्या शस्त्रक्रियेतून थेट निघालेल्या नाहीत. त्यांचे तंत्र, साधने आणि आजार वेगळे आहेत. परंतु झडप टाकण्यापूर्वी तिच्यात नेमके काय बिघडले आहे ते पाहावे आणि जे चांगले आहे त्याला धक्का लावू नये, हा विवेक दोन्हींत समान आहे.

भारतात संधिवाती हृदयविकाराचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले. त्यामुळे अलिंदातून बोट व विस्फारक घालून मिट्रल झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया येथील सार्वजनिक रुग्णालयांत अनेक दशके मोठ्या प्रमाणावर केली गेली. तिला हृदय-फुप्फुस यंत्र लागत नसल्याने ती कमी खर्चात होई. १९८४ मध्ये जपानचे कांजी इनोउए यांनी नसेतून फुगा नेऊन हीच झडप रुंद करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि हळूहळू तिने या शस्त्रक्रियेची जागा घेतली. फुग्याचे कामही तेच आहे, जे १९२५ मध्ये सूटर यांच्या तर्जनीने केले होते.

मूल्यमापन

सूटर यांच्या नावावर हृदयाच्या झडपेची एकच शस्त्रक्रिया आहे. वैद्यकाच्या इतिहासात तिचे स्थान दोन कारणांनी टिकून आहे. पहिले कारण तंत्राचे आहे. त्यांनी निवडलेला अलिंदाचा मार्ग पुढे जगभर रूढ झाला. दुसरे कारण निर्णयाचे आहे. पूर्वनियोजित छेद देण्याची संधी हातात असताना, बोटाला जाणवलेल्या गळतीवर विश्वास ठेवून त्यांनी शस्त्र बाजूला ठेवले आणि रुग्णाचा जीव वाचला. त्यांना दुसरी संधी नाकारणारे वैद्य अज्ञानी किंवा निष्ठुर नव्हते. त्यांनी एका खऱ्या निरीक्षणाचा अर्थ गरजेपेक्षा अधिक ताणला होता. म्हणूनच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सूटर यांची कथा शस्त्रक्रियेचा धडा म्हणून जितकी उपयोगी आहे, तितकीच प्रस्थापित मत तपासून पाहण्याचा धडा म्हणूनही आहे.